चांद्याचा साग आणि करवतीची साक्ष

पोथी हातीं आली म्हणजे आपण बासन सोडतों, वरची व खालची फळी बाजूस ठेवतों आणि पानें मोजूं लागतों. कागद, शाई, अक्षराचें वळण, शेवटचा कालनिर्देश या सर्वांची नोंद होते. फळ्यांची बोळवण मात्र 'लांकडी फळ्या दोन' एवढ्या शब्दांवर होते. जुन्या वाड्याची पाहणी करतांनाहि हाच प्रकार घडतो. दारावरील कोरीव काम व गणेशपट्टी यांची छायाचित्रें घेतलीं जातात. दाराची पाठ कोणी पाहत नाहीं. वस्तुतः लांकूड ज्या हत्यारानें चिरलें त्याची खूण त्या पाठीवरच राहिलेली असते. ही खूण वाचतां आली तर ती कालनिर्णयास कितपत उपयोगी पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील सागाच्या ओंडक्यांची चिराई हा विषय आम्हीं घेतला आहे. करवतीच्या हातीं जंगलांत चिरलेल्या फळीपासून आजच्या साखळी-करवतीनें काढलेल्या जाड पाटापर्यंतच्या सर्व पायऱ्यांचा विचार या एका प्रदेशाच्या आधारें करतां येतो.

१. प्रदेश व त्याच्या वाटा

ज्यास पूर्वीं चांदा जिल्हा म्हणत त्याच्या पूर्व व दक्षिण भागाचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा करण्यांत आला. चांद्याचें गोंड राज्य इ. स. १७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. इ. स. १८५३ मध्यें तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर तें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें, व त्याबरोबर हा मुलूखहि त्यांच्या अमलाखालीं गेला. दक्षिणेकडील सिरोंचा हें कांहीं काळ अप्पर गोदावरी नांवाच्या स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. तो जिल्हा मोडून सिरोंच्याचा भाग इ. स. १८७४ मध्यें चांदा जिल्ह्यास जोडण्यांत आला.

या राजकीय घडामोडींपेक्षां आमच्या विषयास नद्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती अहेरीवरून दक्षिणेस वाहत जाऊन सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. अहेरी, आलापल्ली व सिरोंचा येथील उत्तम साग या पाण्याच्या दोन्ही अंगांस वाढतो. त्यामुळें येथील लांकडास दोन तोंडें होतीं. एक उत्तरेस चांदा व नागपूर यांकडे, बैलगाडीच्या वाटेनें. दुसरें दक्षिणेस राजमहेंद्रीकडे, नदीच्या वाटेनें. नदीची वाट सोपी नव्हती. गोदावरी व प्राणहिता यांच्या पात्रांत खडकांचे तीन मोठे अडथळे आहेत: पहिला दुम्मागुडेम येथें, दुसरा इंचमपल्लीपाशीं, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. हे ओलांडून नावा चालाव्या म्हणून सर आर्थर कॉटन यांच्या पुरस्कारानें व हेग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं बांध व कालवे यांचें मोठें काम हातीं घेण्यांत आलें, तें इ. स. १८७१ मध्यें सोडून देण्यांत आलें. नावांस अडविणारे हे खडक पावसाळ्याच्या पुरांत ओंडक्यांच्या तराफ्यांस तितकेसे अडवीत नसत. म्हणून नावांची योजना फसली तरी लांकूड वाहून नेण्याचा मार्ग या नदीनें मोकळा ठेवला.

२. ओंडक्याचें ओझें

आतां प्रश्न असा कीं, लांकूड जंगलांतच चिरावें कीं अखंड ओंडका बाहेर न्यावा? याचें उत्तर ओंडक्याच्या वजनांत आहे. सहा फूट घेराचा व सोळा फूट लांबीचा एक ओंडका घेऊं. वनखात्याच्या परिचित रीतीनें घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणलें म्हणजे ३६ घनफूट येतात. ही रीत चिराईंत वायां जाणारा भाग आधींच वजा धरते. प्रत्यक्ष आकारमान सुमारें ४६ घनफूट भरतें. वाळलेल्या सागाचें वजन दर घनफुटास सुमारें ४० पौंड धरल्यास हा ओंडका १,८०० पौंडांवर, म्हणजे सुमारें बावीस बंगाली मण होतो. ओला असतांना तर त्याहूनहि जड. असा ओंडका नाल्याखोऱ्यांतून गाडीवर घालणें हें दोनचार माणसांचें काम नव्हे. अशा कामास हत्ती लागत. सिरोंचा वनविभागांतील कमलापूरचा हत्तीतळ ही त्या व्यवस्थेचीच आजपावेतों उरलेली खूण होय.

यावरून एक सामान्य नियम निघतो. जेथें नदी जवळ तेथें ओंडका करवतीकडे जाई. जेथें नदी दूर तेथें करवत ओंडक्याकडे येई. चिरलेल्या फळ्या व तुळया साध्या गाडीवरहि घालतां येतात. ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाहीं, म्हणून तराफ्यास बांबूच्या मोळ्यांचा आधार द्यावा लागे. परंतु बांबूची या मुलखांत कधींच वाण नव्हती.

३. करवत व आरा

करवत हा शब्द संस्कृत 'करपत्र' या शब्दापासून आला आहे. अमरकोशांत 'क्रकच' व 'करपत्र' हे दोन्ही शब्द एकाच हत्याराचे म्हणून दिले आहेत. दोघांनीं ओढावयाच्या मोठ्या करवतीस आपण 'आरा' म्हणतों. हा शब्द फारसी 'अर्रा' या शब्दाशीं जुळतो; संस्कृतांत 'आरा' शब्दाचा अर्थ चांभाराची आरी असा आहे. नांव फारसी म्हणून हत्यारहि मुसलमानी अमलांतच आलें, असें अनुमान मात्र आम्ही करीत नाहीं. नांवें बदलतात, हत्यारें तींच राहतात. एवढें खरें कीं, आजहि विदर्भांत लांकूड चिरण्याच्या गिरणीस 'आरामशीन' म्हणतात, आणि अशा रीतीनें तो जुना शब्द नव्या यंत्रावर टिकून आहे.

हातानें ओंडका चिरण्याची रीत अशी. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवीत, अथवा दोन घोड्यांवर उंच चढवीत. त्याची साल काढून गेरूंत किंवा काजळींत भिजविलेलें सूत ताणून मारीत, म्हणजे सरळ रेघ उमटे. ओंडक्याच्या दोन्ही टोकांस ओळंब्यानें उभ्या रेघा धरीत. एक माणूस वर उभा राही, दुसरा खालीं. वरच्याच्या हातीं रेघ, खालच्याच्या हातीं बहुतेक जोर. काप पुढें गेला म्हणजे लांकूड मिटून आरा अडकूं नये म्हणून मागें पाचर मारीत. दाते कानशीनें घासावे लागत व एकाआड एक डावीकडे-उजवीकडे वळवावे लागत. नाहींपेक्षां आरा कापांतच बसे. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. हें काम करणाऱ्यांचीं नांवें कोणत्याहि दानपत्रांत नाहींत. त्यांची सही जर कोठें असेल तर ती फळीच्या पाठीवरच आहे.

करवतीच्याहि पूर्वीं ओंडका पाचरांनीं फोडून वाकसानें तासीत. महाराष्ट्रांत लांकूडकामाची प्राचीनता सांगावयास कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताखालील लांकडी फासळ्या पुरेशा आहेत. भाजे येथील तुळयांवर तर ब्राह्मी लेख आढळले आहेत. लांकूड हेंहि लेखाचें साधन होऊं शकतें हें तेथें अक्षरशः सिद्ध झालें आहे. आम्ही येथें ज्या लेखाविषयीं बोलतों तो मात्र अक्षरांचा नाहीं.

४. यंत्राचें आगमन

नागपूरपर्यंत लोहमार्ग इ. स. १८६७ मध्यें येऊन पोंचला. तत्पूर्वीं कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखालीं मध्यप्रांतांत वनखात्याची उभारणी सुरू झाली होती. रुळांखालील पाट्यांच्या मागणीनें जंगलावर केवढा ताण पडला याची हकीकत फोर्सिथ यांच्या इ. स. १८७१ सालच्या ग्रंथावरून कळते. जिल्ह्याची एकंदर स्थिति ज्यास पाहावयाची असेल त्यानें लूसी स्मिथ यांचा इ. स. १८६९ चा जमाबंदीचा अहवाल आणि इ. स. १९०९ चें चांदा गॅझेटियर हीं दोन साधनें जवळ ठेवावीं. इ. स. १९२९ मध्यें काझीपेठ-बल्लारशा हा दुवा पुरा होऊन दिल्ली व मद्रास हीं शहरें या जिल्ह्यांतून थेट जोडलीं गेलीं. नदीच्या तोंडीं असलेला व्यापार आतां स्थानकाच्या तोंडीं आला, आणि बल्लारशा हें लांकडाचें मोठें आगार बनलें. ज्या बल्लारपुरास गोंड राजांची राजधानी होती, तेथेंच आतां सागाचे ढीग लिलांवासाठीं रचले जाऊं लागले.

यांत्रिक करवतींचा इतिहास थोडक्यांत असा. वर्तुळाकार पात्याच्या करवतीचा हक्क इंग्लंडांत सॅम्युएल मिलर यानें इ. स. १७७७ मध्यें नोंदविला. अखंड पट्ट्याच्या करवतीची कल्पना विल्यम न्यूबेरी यानें इ. स. १८०८ मध्यें मांडली, परंतु सांधा न तुटणारा पट्टा होईना म्हणून ती तशीच पडून राहिली, फ्रान्सांत इ. स. १८४६ मध्यें ॲन पॉलिन क्रेपँ या स्त्रीनें सांधण्याची युक्ति काढली, आणि त्यानंतर हें यंत्र व्यवहारांत येऊं लागलें. साखळी-करवत याहून बरीच अलीकडची: जर्मनींत आंद्रेयास श्टील याची विजेवर चालणारी करवत इ. स. १९२६ ची, आणि एमिल लेर्प याची पेट्रोलवर चालणारी इ. स. १९२७ ची आहे.

या तिन्ही सनांचा आम्हांस एकच उपयोग आहे: त्या त्या यंत्राची खूण असलेलें लांकूड त्या त्या सनाच्या पूर्वींचें असूं शकत नाहीं.

५. खुणा कशा वाचाव्या

दिवा बाजूस, फळीच्या जवळजवळ पातळींत धरावा, म्हणजे बारीक ओरखडेहि सावलीनें दिसूं लागतात. मग पुढील भेद पाहावे.

वाकसानें तासलेल्या लांकडावर उथळ, शिंपल्यासारखे खळगे असतात. हातच्या आऱ्यानें चिरलेल्या फळीवर रेघा जवळजवळ सरळ असतात. पण त्यांचें अंतर सारखें नसतें आणि कलहि मधून मधून बदलतो, कारण माणसें थकतात, जागा बदलतात, पुन्हां जोमानें लागतात. दोन्ही टोकांकडून आलेले काप जेथें भेटतात तेथें रेघांची दिशा पालटते. वर्तुळाकार करवतीची खूण धनुष्याकृति असते व सर्व कमानी एकाच त्रिज्येच्या असतात. पट्ट्याच्या करवतीच्या रेघा सरळ, बारीक व एकसारख्या अंतरावर असतात. साखळी-करवतीच्या रेघा सरळ पण खरखरीत असून मधून मधून पायरीसारखा उंचवटा दिसतो. यंत्र थांबवून पुन्हां लावल्याची ती जागा होय.

आमच्या पाहण्यांतील एका पोथीचें उदाहरण देतों. तिच्या शेवटचा कालनिर्देश पेशवाईंतील असून अक्षर व कागद यांवरून त्याविषयीं संशयास जागा नव्हती. फळ्या तेलकट, काळ्या व दिसण्यांत अतिशय जुन्या. आंतील बाजू दिव्यापुढें धरतांच एकाच त्रिज्येच्या कमानी स्पष्ट दिसल्या. पेशवाईंत या देशांतील पोथीची फळी वर्तुळाकार यांत्रिक करवतीनें चिरली गेली, हें मानणें कठीण. शिवाय त्याच बाजूवर पानांच्या कडांचा जो डाग उमटला होता तो या पोथीच्या पानांशीं मापानें जुळत नव्हता. म्हणजे फळ्या दुसऱ्या कोणत्या तरी पोथीच्या, व मागाहून आणून घातलेल्या. यामुळें पोथीच्या प्रामाण्यास बाध येत नाहीं. पण टिपणांत 'फळ्या समकालीन' असें जें लिहिलें होतें तें आम्हांस खोडावें लागलें. तें टिपण आमच्याच हातचें होतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

या पद्धतीच्या मर्यादाहि स्पष्ट केल्या पाहिजेत. करवतीची खूण वरची मर्यादा देते, खालची देत नाहीं. यंत्रें आल्यानंतरहि हातचा आरा कित्येक वर्षें चालत होता. म्हणून हातानें चिरलेली फळी जुनीच असली पाहिजे असें नाहीं. रंधा मारलेली बाजू मुकी असते. ज्या बाजूस कारागिरानें रंधा मारण्याचे श्रम घेतले नाहींत तीच बोलते. आणि किडीचीं भोंकें फळीपाशीं थांबलीं म्हणून फळी नवी, हा प्रचलित तर्क सागाच्या बाबतींत खोटा आहे, कारण साग किडीस सहसा बळी पडत नाहीं.

लांकडाचें वय ठरविण्याचें दुसरें साधन म्हणजे वर्षवलयें. सागाच्या खोडांत दर वर्षीं एक वलय बनतें, आणि पाऊस-पाण्याच्या मानानें तें रुंद किंवा अरुंद होतें. आलापल्लीच्या सागाच्या वलयांचा व ओलाव्याचा संबंध दाखविणारा निबंध पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध केला आहे. त्याचें महत्त्व इतिहाससंशोधकांनीं ओळखावें. दुष्काळाची जी हकीकत आपण बखरींत व पत्रांत शोधतों ती याच जिल्ह्यांतील झाडानें आपल्या पोटांत वर्षवार लिहून ठेवली आहे. मात्र ती वाचण्यास तुळईचें आडवें टोक शाबूत असावें लागतें.

६. साखळी-करवत आणि जुन्या तुळया

येथेंच वर्तमानाचा प्रश्न उभा राहतो. अलीकडे साखळी-करवतीस लोखंडी चौकट बसवून मोठ्या ओंडक्याचे जाड पाट काढण्याची रीत निघाली आहे. पहिल्या कापासाठीं ओंडक्यावर सरळ फळी किंवा शिडी ठोकून तिच्यावरून चौकट सरकवितात. पुढील प्रत्येक काप आधींच्या सपाट पृष्ठावरून मारतां येतो. उभ्या चिराईसाठीं साखळीच्या दात्यांची धार आडव्या कापाच्या मानानें अधिक सरळ घासावी लागते. या यंत्राचा विशेष असा कीं, ओंडका गिरणीकडे न्यावा लागत नाहीं. यंत्रच ओंडक्याकडे येतें. खड्ड्यावरच्या आऱ्याचा जो गुण होता तोच एका अर्थीं परत आला आहे. खालचा माणूस मात्र गेला.

दोषहि आहे. हातचा आरा वा पट्टा कापांत सुमारें एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच, लांकूड खातो असें धरल्यास साखळी त्याच्या तिप्पट खाते. एक इंच जाडीच्या फळ्या काढावयाच्या तर पट्ट्याच्या करवतीनें दर नऊ भागांत एक भाग भुसा होतो, साखळीनें दर अकरा भागांत तीन. म्हणून ही रीत तीन-तीन इंचांच्या पाटांसच परवडते. तेथें नऊ भागांत एकच भाग जातो.

वनांतील सागास कायद्याचें संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानें वनभूमींत कोणत्याहि प्रकारची लांकूडगिरणी केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून चालविण्यास मनाई झाली. आलापल्लीजवळील सुमारें सहा हेक्टरांचें 'वनवैभव' इ. स. २०१४ पासून जैवविविधता वारसास्थळ म्हणून राखलेलें आहे. चांद्याच्या सागाचा लौकिकहि ओसरलेला नाहीं. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २९ मार्च २०२३ रोजीं बल्लारपुराहून निघालेला पहिला लांकूडसांठा १,८५५ घनफुटांचा होता. उभ्या झाडांविषयीं काळजी घेणारे लोक आहेत. आडव्या पडलेल्या जुन्या लांकडाविषयीं तसें म्हणवत नाहीं.

वाडे पाडले जातात. त्यांच्या तुळया व खांब बाजारांत येतात. जुना, मुरलेला, मोठ्या घेराचा साग म्हणून त्यांस चांगली किंमत मिळते. मग खिळे उपटून ते पुन्हां चिरले जातात, वरून रंधा व पॉलिश होऊन त्यांचीं मेजें बनतात. विकणारा व घेणारा दोघेहि संतुष्ट असतात. कोणी गुन्हा केलेला नसतो. परंतु हातच्या आऱ्याची पाठ, सुताराच्या जुळणीच्या खुणा, टोंकाचीं वलयें हीं सर्व एका दुपारीं भुशांत जातात. नागपूरचा भोसल्यांचा वाडा व त्यांतील कोरीव लांकूडकाम इ. स. १८६४ मध्यें आगींत नष्ट झालें, याची हळहळ आपण अद्याप करतों. ती आग एकदां लागली. ही रोज लागते, आणि तिचा धूर दिसत नाहीं.

७. विनंति

वाडे पडूं नयेत असा आमचा आग्रह नाहीं. तो चालणारहि नाहीं. आमची विनंति तीन गोष्टींपुरती आहे. पहिली, पोथीच्या टिपणांत फळ्यांचें लांकूड, माप व करवतीची खूण यांसाठीं एक ओळ ठेवावी, आणि फळ्या घासून-पुसून उजळूं नयेत. दुसरी, पाडावयाच्या वाड्यांतील तुळई चिरण्यापूर्वीं तिची जागा, माप व चारी बाजूंचीं छायाचित्रें तिरप्या उजेडांत घ्यावीं. तिसरी, चिराईपूर्वीं तुळईच्या टोंकाची दोन बोटें जाडीची चकती कापून, तीवर वाड्याचें नांव व सन लिहून जपावी. लांकूडवाल्यास त्या चकतीची किंमत फार नसते. मागितली तर तो देतो, असा आमचा अनुभव आहे.

अशा शंभर चकत्या एका ठिकाणीं जमल्या तर त्यांचीं वलयें एकमेकांशीं लावून पाहतां येतील, आणि कोणती तुळई कोणत्या काळीं तोडलेल्या झाडाची याचा अंदाज बांधण्यास आरंभ होईल. तसें झाल्यास आमचीं वरील अनुमानें खरीं कीं खोटीं हेंहि ठरेल. खोटीं ठरलीं तर तीं सुधारण्यास आम्ही तयार आहों. परंतु तोपर्यंत पुरावा शिल्लक राहिला पाहिजे.